सात सेकंद लेट

अहमदपूरच्या बसस्टँडवर ज्यांनी कधीकाळी गाडीची वाट पाहिली आहे, त्यांना मारोतराव टेकाळे आठवत नसतील. पण त्यांचा आवाज आठवेल. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या कंट्रोलरकडे कोण बघतो? आवाज मात्र सगळ्यांच्या कानात बसलेला. आधी दोनदा "लक्ष द्या, लक्ष द्या". मग एक श्वासभर थांबणं. मग "कंधारमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली हाय." त्यात एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. गाडी, फलाट, वेळ, संपलं.

मी तेव्हा अहमदपूरला राहायची आणि लातूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मी कायम उशिरा पोचणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण ते पुढे लागणार आहे. एका सकाळी धापा टाकत स्टँडवर शिरले, तोच माइकवरून आवाज आला, "पॉलिटेक्निकच्या म्याडमनी लक्ष द्यावं. लातूर गाडी तुमच्यासाठी थांबलेली न्हाई. ड्रायव्हर चहा पिऊन राहिलाय म्हणून उभी हाय." अख्खा स्टँड वळून माझ्याकडे बघायला लागला. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मी बोलत नाहीये हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, याचा मला आणखी संताप.

त्या खिडकीत एक गोल घड्याळ होतं. ते टेकाळेकाकांनी स्वतःच्या घरून आणून लावलेलं होतं आणि ते पाच मिनिटं पुढे असायचं. चुकून नाही, मुद्दाम. "बरोबर टाइम दाखवला की माणूस बरोबर टाइमाला घरून निघतो, अन् मग गाडी चुकती," हा त्यांचा हिशोब. घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, हातातलं पाच मिनिटं पुढे, गयाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, देवघरातलंसुद्धा पाच मिनिटं पुढे. गंमत अशी, की हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. टेकाळ्यांचं घड्याळ बघायचं आणि मनातल्या मनात पाच वजा करायचे, ही आम्हा सगळ्यांना इतकी सवय झालेली, की आपण वजाबाकी करतोय हेही कळायचं नाही. म्हणजे घड्याळ पुढे ठेवून फायदा शून्य. हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "पाव्हण्यांना ठाऊक न्हाई ना? पाव्हण्यांची गाडी चुकत न्हाई."

काका आमचे शेजारी. दोन्ही घरांच्या गच्च्या लागून. मला हौशी रेडिओचा नाद आहे, म्हणजे सरकारी परवाना काढून घरून स्वतःच्या रेडिओवर जगभरातल्या तसल्याच नादिष्ट माणसांशी बोलायचं. त्यासाठी मी गच्चीवर दोन पाइपांच्या मधे लांबलचक तार ताणली होती. ती बघून काका एका रविवारी कठड्याशी आले.

"म्याडम, ह्या तारेवर कपडे वाळवत न्हाईत तुम्ही. मग काय करता?"

"बोलते. काल जपानशी बोलले."

"काय म्हणून राहिलंय जपान?"

"म्हणालं, तुमचा आवाज ऐकू आला."

"अन् तुम्ही काय म्हणलात?"

"तुमचाही आला."

काकांनी बराच वेळ वाट पाहिली. पुढे काहीच नाही हे कळल्यावर म्हणाले, "मग आमचा फलाट बरा. हितं आवाज बी येतो अन् गाडी बी येती."

रिटायर झाल्यावर वर्षभरातच त्यांचा घसा बसला. बसला तो बसलाच. लातूरला तपासण्या झाल्या, गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, त्याच्यावर पांढरी स्वच्छ दस्ती बांधलेली. आवाज गेला.

गयाकाकूंनी शाळेच्या पोरांची असते तशी पाटी आणि खडूचा डबा आणून उशाशी ठेवला. काकांनी पाटी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. लिहिणार नाही म्हणजे नाही. काही हवं असलं तर टेबलावर दोन थापा मारायच्या, कंडक्टर दोन घंटी मारतो तशा. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड. बाहेर जाणं बंद, स्टँड तर फारच लांब. गयाकाकू कठड्याशी येऊन मला म्हणाल्या, "बोलंना तरी चालल हो. पण आता बघत बी न्हाई माणसाकडं. हे असंच आटून जातेत की काय?"

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. उभा जन्म दुसऱ्यांना हाका मारलेला माणूस एकही शब्द न टाकता निघून जाणार, याचा राग. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रेडिओ आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत घुसले. "काका, भिंतीकडे बघायचं तर बघा, पण कान इकडे द्या," म्हटलं आणि आवाज मोठा केला.

रेडिओतून शिट्ट्या यायला लागल्या. बारीक, थरथरत्या, एकात एक मिसळलेल्या. मी एकटीच बोलत सुटले. या शिट्ट्या म्हणजे अक्षरं आहेत. माणूस कीबोर्डवर टाइप करतो, कंप्यूटर त्याच्या शिट्ट्या करतो, रेडिओ त्या जगभर सोडतो आणि पलीकडचा कंप्यूटर परत अक्षरं करतो. याला डिजिटल मोड म्हणतात आणि यातला सध्या चालणारा प्रकार एफटी-एट. दर पंधरा सेकंदांना एक पाळी. शून्यावर, पंधरावर, तीसवर, पंचेचाळीसवर सगळ्यांनी एकदम सुरू करायचं आणि पाळी संपली की दुसऱ्याचं ऐकायचं.

"आणि काका," मी म्हटलं, "इथे तोंडानं कोणीच बोलत नाही. इथे सगळे मुके."

त्यांनी मान वळवली.

पडद्यावर ओळी येत होत्या. मी बोट ठेवून दाखवलं. पहिल्यांदा 'सीक्यू', म्हणजे कोणीही ऐका, मी बोलावतोय. मग बोलावणाऱ्याचं नाव, म्हणजे परवान्यावरची सही-अक्षरं. मग त्याचा पत्ता, तोही चारच अक्षरांत, कारण या लोकांनी सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडलेत. आपला चौकोन एमके-अठ्ठ्याऐंशी. त्यात लातूर आहे, अहमदपूर आहे, कंधारही आहे. नांदेड मात्र वरच्या चौकोनात. शेवटी सगळे 'त्र्याहत्तर' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा.

"त्र्याहत्तर म्हंजे राम राम होय?" दारात उभ्या गयाकाकूंनी विचारलं. मी हो म्हटलं.

काका उठून खुर्चीत बसले. 'सीक्यू'वर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि ओठ हलवले. आवाज नव्हता, पण इतकी वर्षं ऐकलेले शब्द कळायला आवाज कशाला लागतो? "लक्ष द्या?"

"हो काका. लक्ष द्या. अगदी तेच."

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. ऐकायला सुरुवात करा, बोलण्याचा परवाना नंतर बघू, असं मी ठरवलं. माझ्याकडचा जुना, फक्त ऐकण्याचा रिसीव्हर त्यांना दिला. लॅपटॉप त्यांच्या पुण्याच्या मुलीचा पडून होता. तार काकांनी स्वतः ताणली, पाइप स्वतः उभा केला. मी प्रोग्रॅम टाकून दिला आणि बजावलं, "यात घड्याळ मात्र अगदी बरोबर लागतं हं, सेकंदाला सेकंद." काकांनी हात वर करून मला थांबवलं. घड्याळ हे त्यांचं खातं होतं.

आणि काही म्हणता काही येईना. शिट्ट्या छान ऐकू येत होत्या, पडदा कोरा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, तार आखूड असेल. वाढवली. मग दिशा चुकली असेल. पाइप कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. वायर बदलली, आवाजाची सेटिंगं बदलली, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. तीन आठवडे गेले. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई, माझी अब्रू जायची वेळ आली. त्यापेक्षा वाईट हे, की काकांची मान पुन्हा भिंतीकडे वळायला लागली होती. मी आशा दाखवली नसती तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. गयाकाकू नुसता चहा आणून ठेवायच्या, आणि तो चहा मला पिववायचा नाही.

त्या तीन आठवड्यांत मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ शंभर वेळा बघितलं असेल. सगळं ठीक वाटायचं. का वाटायचं, हे आज सांगताना हसू येतं.

एका शनिवारी मी लातूरहून आले तर गयाकाकू आमच्या दारात. "चला लवकर. पाटी मागून राहिलेत."

मी तशीच धावले. काका डोळे मिटून रेडिओला कान लावून बसले होते. एक बोट टेबलावर ताल धरून होतं. मग डोळे उघडले, पाटी ओढली, आणि ऑपरेशननंतरचं पहिलं वाक्य लिहिलं. अक्षर अगदी हजेरीपुस्तकातल्यासारखं:

"सगळ्या गाड्या ७ सेकंद लेट सुटून राहिल्यात. एक बी टाइमावर न्हाई."

मी पडद्याकडे बघितलं. खरंच. शिट्टी शून्याला सुरू व्हायला हवी. लॅपटॉपवर सातवर सुरू होत होती. पुढची पंधराऐवजी बावीसवर. प्रत्येक वेळी, नेमकी सात सेकंदं उशिरा. सगळं जग सात सेकंद लेट.

आणि मग माझी ट्यूब पेटली. मी माझा मोबाइल काढून लॅपटॉपशेजारी धरला. लॅपटॉप पाच मिनिटं सात सेकंद पुढे होता. काकांनी कंप्यूटरची आपोआप वेळ लावून घेण्याची सोय बंद करून, हातानं, त्यांच्या रिवाजाप्रमाणे पाच मिनिटं पुढे घड्याळ लावलं होतं. हातानं लावलं म्हणून वरची सात सेकंदं. आणि मी, शहाणी, दर वेळी ते घड्याळ बघून मनात पाच वजा करत होते. अहमदपूरबाहेरचा कोणीही माणूस पहिल्या दिवशी म्हणाला असता, अहो तुमचं घड्याळ चुकलंय. आम्हा दोघांना तीन आठवडे लागले.

"काका, गाड्या लेट नाहीत. तुमचं घड्याळ पुढं आहे. मागं घ्या."

त्यांनी जोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, "न्हाई."

"अहो, साऱ्या जगाचं घड्याळ एक आणि तुमचं वेगळं? असं चालतं का?"

पाटी पुसली. विचार केला. मग लिहिलं, "पाळी किती सेकंदाची?"

"पंधरा."

"५ मिनिटात पाळ्या किती?"

"वीस," मी म्हटलं, आणि तोंड उघडंच राहिलं. वीस पाळ्या पूर्ण. शिल्लक काही नाही. पाच मिनिटांनी काहीच बिघडत नव्हतं. घोटाळा फक्त वरच्या सात सेकंदांचा होता. बसच्या वेळापत्रकात जन्म गेलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं होतं, माझ्या आलं नव्हतं. काकांनी घड्याळ फक्त सात सेकंदं मागे घेतलं. पाच मिनिटं तशीच ठेवली.

पुढच्या पाळीला पडदा भरून गेला. जपान, इंडोनेशिया, रशिया, इटली, पुन्हा जपान. ओळीखाली ओळ. काकांनी टेबलावर दोन थापा मारल्या आणि माझ्याकडे बघून हसले. किती महिन्यांनी. गयाकाकू पदर डोळ्यांना लावून आत निघून गेल्या आणि मीही जरा खिडकीबाहेर बघितलं.

मग परवाना. परीक्षा हैदराबादला. त्या वयात काका गणिताची पुस्तकं घेऊन बसले. रेडिओचे नियम त्यांना चटकन पाठ झाले, नियम हा त्यांचा विषयच. विद्युतशास्त्रानं मात्र छळलं. पाटीवर माझ्याशी भांडायचे: "रोध कशाला म्हणायचं, सरळ अडथळा म्हणा." परीक्षेच्या हॉलमध्ये सगळी इंजिनिअरिंगची मुलं. हजेरीला नाव पुकारलं तेव्हा काकांनी बाकावर दोन थापा मारल्या. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं, गळ्यावरची दस्ती बघितली, आणि टिक केली, असं काकांनी मला परत आल्यावर चार पाट्या भरून सांगितलं. चार पाट्या. ज्या माणसाला एक अक्षर लिहायचं नव्हतं.

पास झाले. मग पोलीस चौकशी. हवालदार घरी आले, कागद उघडला, विचारलं, "वायरलेस कशासाठी पाहिजे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकांनी मला हातानं गप्प केलं आणि पाटीवर एकच शब्द लिहिला.

"बोलायला."

हवालदारांनी पाटी वाचली. काकांकडे नीट बघितलं. "टेकाळे कंट्रोलर ना तुम्ही?" म्हणाले. "हाव. लिहितो." मग भिंतीवरचं घड्याळ बघून कागदावर वेळ टाकली. मी वाकून बघितलं. पाच वजा करूनच टाकली होती.

परवाना यायला बरेच महिने लागले, पण आला. सही-अक्षरं सहा, व्हीयूनं सुरू होणारी. काकांनी ती गेरूनं दारावर लिहिली. माझा दुसरा, बोलणारा रेडिओ मी त्यांच्या टेबलावर लावला आणि एका रविवारी दुपारी आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो. काकांनी धुतलेली दस्ती बांधली होती. गयाकाकूंनी रेडिओला हळदकुंकू लावलं.

काकांनी 'सीक्यू'चं बटण दाबलं. लक्ष द्या. पंधरा सेकंद शिट्टी गेली. पंधरा सेकंद ऐकलं. कोणी नाही. पुन्हा. कोणी नाही. मी लहान मुलीसारखी बोटं मोडत होते. काका शांत. गाडी लागली की माणसं येतातच, हे त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा फिनलंडचा एक आला. नाव, चौकोन. काकांनी उत्तर दिलं, त्याचा त्र्याहत्तर आला. आणि मग जे झालं ते मीही माझ्या एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. आमच्या चौकोनातून बोलणारी माणसं जवळजवळ नाहीतच, आणि या नादात चौकोन जमवणारे जगभर टपलेले असतात. पुढच्या पाळीला एकदम अकरा जण काकांचं नाव घेऊन उभे. त्यापुढच्या पाळीला पडद्यावर मावेनात. सणासुदीला गाडीच्या दाराशी होते तशी झुंबड.

"घ्या पटापट, जो वर दिसतोय तो घ्या," मी ओरडले. प्रोग्रॅममध्ये पहिला येईल त्याला आपोआप उत्तर द्यायची सोय असते. काकांनी ती बंद केली. पडद्याला तळहात दाखवला, खिडकीतून दाखवायचे तसा: थांबा. मग यादीत आवाजाचे आकडे शोधत बोट खाली खाली नेलं आणि सगळ्यात शेवटच्यावर ठेवलं. उणे बावीस. जेमतेम कळणारा, कोणीतरी चिलीतला.

"अहो, तो निसटेल. मोठ्या आवाजाचा घ्या आधी."

काकांनी एका हातानं बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं पाटीवर लिहून माझ्यापुढे सरकवली.

"ज्याचा आवाज बारीक, त्याला पहिले बसवायचं."

दोन तासांत त्यांनी एकेचाळीस माणसं बसवली. आधी बारीक आवाजाची, मग बाकीची. वहीत एकेकाची नोंद, वेळ पाच मिनिटं वजा करून, कारण नोंदवही सरकारी. संध्याकाळी पाटी काखेत मारून घराबाहेर पडले, चहाच्या टपरीवर गेले, आणि भेटेल त्याला पाटी दाखवत सुटले: "चिली. दक्षिण अमेरिका. अहमदपूरहून थेट."

त्यानंतर त्यांना भिंतीकडे तोंड केलेलं कोणी पाहिलं नाही. गावातल्या दोन शाळांनी त्यांना बोलावलं. बोलता न येणारा माणूस भाषण द्यायला जातो आणि पोरं जागची हलत नाहीत, हे मी मागच्या बाकावर बसून बघितलंय.

मग माझी बदली नांदेडला झाली. निघायच्या दिवशी काका फलाट क्रमांक तीनवर आले. जुने हमाल, टपरीवाले, कंडक्टर गोळा झाले. पाटी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती. खिडकीतून त्यांनी ती मला दाखवली: "आता तुमचा चौकोन बदलला. रविवारी सकाळी ८ ला, चाळीस मीटरच्या पट्ट्यावर. टाइमावर." मी शपथ घेतली. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि ड्रायव्हरनं खरंच गाडी काढली. कंडक्टर अजून खाली उभा होता. तो बिचारा पळत येऊन चढला. मागे वळून बघितलं तेव्हा काका सगळ्या फलाटाला पाटी दाखवत होते, आणि सगळा फलाट हसत होता.

नांदेडला सामान अजून खोक्यांत होतं, तरी रविवारी पहाटेच उठून मी गच्चीवर तार ताणली. या माणसाला बोलायला जागा द्यायची नाही, असं ठरवूनच. आंघोळ, चहा, सगळं आटोपून आठाच्या आधी रेडिओसमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी. लॅपटॉप सुरू केला, पहिली पाळी ऐकली, आणि ओळींच्या गर्दीत त्यांची ओळ दिसली. या पद्धतीत स्वतःच्या मनाचं काही लिहायचं तर तेरा अक्षरांच्या वर जाता येत नाही. त्यांना तेवढीही लागली नव्हती. रोमन अक्षरांत, जो कोणी ऐकत असेल त्या सगळ्यांसाठी, त्यांनी पुकारलं होतं:

"मॅडम लेट."

तेव्हा एक स्टँड वळून बघत होता. आता कुठकुठल्या देशांत ते वाचलं गेलं असेल, देव जाणे. मी घड्याळ बघितलं. आठाला अजून दोन मिनिटं होती. मग त्या वेळेत काकांची पाच मिनिटं मिळवली.

मी लेटच होते.